लघुपटांची महोत्सववारी

मुंबईच्या उपनगरातील एका मध्यमवर्गीय घरात कोंबडा पाळलेला आहे. मांजरांना खेळायला म्हणून आणलेले पिल्लू बघता बघता मोठे होते, आरवून घर डोक्यावर घेते आणि अखेर त्याला पाळायचे की शिजवायचे, असा पेच कुटुंबापुढे उभा राहतो. ऋषी चांदना यांच्या ‘तुंगरुस’ या २०१८ मधील लघुमाहितीपटाचा ऐवज एवढाच. पण सुमारे तेरा मिनिटांचा हा चित्रपट कॅनडातील टोरांटोच्या ‘हॉट डॉक्स’ या माहितीपटांच्या नामांकित महोत्सवापर्यंत पोहोचला. उपनगरातील चार भिंतींमधली गोष्ट सातासमुद्रापार जाते ती कोणत्या वाटेने, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण लघुपटाला चित्रपटगृहातील शुक्रवार बहुधा लाभत नाही. महोत्सवांची फेरी हेच त्याचे प्रदर्शन असते.

या फेरीतील काही मुक्काम जुने आणि मानाचे आहेत. जर्मनीतील ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ पासून भरतो. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे हिवाळ्यात भरणाऱ्या महोत्सवाला लघुपटांच्या खरेदी-विक्रीचा बाजारही जोडलेला आहे. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत पंधरा मिनिटांपर्यंतचेच चित्रपट घेतले जातात, तर चित्रपटशाळांतील विद्यार्थ्यांसाठी तेथे ‘ला सिनेफ’ हा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला २०२४ मध्ये याच विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईतील ‘मिफ’ हा माहितीपट, लघुपट व अॅनिमेशनपटांचा महोत्सव १९९० मध्ये सुरू झाला. गोव्याच्या ‘इफ्फी’तील इंडियन पॅनोरमातही लघुपटांना स्थान असते.

प्रवेशाचे नियम

पूर्वी डीव्हीडी, प्रवेशिका आणि छायाचित्रे पाकिटात भरून कुरिअरने परदेशी पाठवावी लागत. आता ‘फिल्मफ्रीवे’सारख्या संकेतस्थळांवरून एका बैठकीत दहा महोत्सवांना प्रवेशिका धाडता येतात. काम सोपे झाले, तशी गर्दीही वाढली. प्रवेशशुल्क अनेकदा डॉलरमध्ये असते आणि चित्रपट नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या अंदाजपत्रकातच प्रवेशशुल्क, इंग्रजी उपशीर्षके आणि पडद्यावर दाखवण्याची डिजिटल प्रत यांची तरतूद करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. पार्श्वसंगीताचे हक्क लेखी नसतील, तर निवड होऊनही चित्रपट अडकून पडतो.

क्रमालाही महत्त्व आहे. अनेक मोठे महोत्सव चित्रपटाचा पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा, अशी अट घालतात. चित्रपट गेल्या एक-दोन वर्षांतील असावा, अशीही अपेक्षा असते. त्यामुळे लहानशा महोत्सवात घाईने दाखवलेला चित्रपट मोठ्या दारातून परत येऊ शकतो. चित्रपट आधीच इंटरनेटवर खुला केला असेल, तरीही बरीच दारे बंद होतात. ऑस्करच्या लघुपट विभागाचे नियम तर याबाबत काटेकोर आहेत. श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांची मर्यादा आणि मान्यताप्राप्त महोत्सवातील पारितोषिक किंवा ठरावीक शहरांतील चित्रपटगृहात सलग सात दिवसांचे खेळ, अशा मार्गांनी तेथे प्रवेश मिळतो. त्यापूर्वी चित्रपट ऑनलाइन आला, तर तो बाद होतो.

या गर्दीचा फायदा घेणारेही आहेत. दरमहा भरणारे, प्रेक्षक नसलेले आणि शुल्क भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला प्रमाणपत्र देणारे ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सव आज शेकड्यांनी सापडतात. भित्तिपत्रकावरील पानांच्या नक्षीदार चौकटींची संख्या हे गुणवत्तेचे माप नव्हे. महोत्सव कोणत्या सभागृहात होतो, निवड कोण करते आणि मागील वर्षी कोणते चित्रपट दाखवले गेले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरेचसे पैसे वाचतात.

फेरीचे फलित

खर्‍या महोत्सवाने मिळते ते मुख्यतः पुढचे काम. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ची कथा आईने घरात आणलेल्या पिठाच्या गिरणीची आणि तिच्या घरघरीत हरवत जाणाऱ्या मुलाच्या बालपणाची. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर त्यांचा ‘वळू’ २००८ मध्ये रॉटरडॅमला आणि ‘विहीर’ २०१० मध्ये बर्लिनला दाखवला गेला. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ने शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाची गोष्ट सांगितली. नॉन-फीचर गटातील पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवला. त्यातील बालकलाकार सूरज पवार पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये दिसला. मुंबईचे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट रॉटरडॅम, क्लेरमाँ-फेराँ, एडिंबरा अशा महोत्सवांत फिरला. नंतरच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसला ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला. पुरस्काराची रक्कम संपून जाते. मागे उरतो तो ‘हा चित्रपट करू शकतो’ हा विश्वास, आणि निर्मात्याच्या दारात उभे राहताना तोच उपयोगी पडतो.

तरीही या व्यवस्थेत एक विसंगती आहे. दीड-दोन वर्षे फेरी सुरू असताना चित्रपट कुलूपबंद असतो. रॉटरडॅमचा प्रेक्षक जो लघुपट पाहतो, तो मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या प्रेक्षकाला पाहता येत नाही. फेरी संपेपर्यंत चित्रपटाविषयीचे कुतूहलही मावळलेले असते. ही दरी काही प्रमाणात बुजवली ती स्थानिक महोत्सवांनी. ‘मामि’च्या मुंबई चित्रपट महोत्सवाने ‘डायमेन्शन्स मुंबई’ हा विभाग सुरू करून पंचविशीच्या आतील तरुणांनी केलेल्या, मुंबईविषयीच्या छोट्या चित्रपटांना मोठा पडदा दिला. अंधेरी-वर्सोव्याच्या मल्टिप्लेक्सबाहेर महोत्सवाच्या रांगा लागत. उपनगरात राहणाऱ्या मुलामुलींना आपला चित्रपट आपल्याच शेजाऱ्यांसोबत पाहता येई. २०२५ मध्ये हा महोत्सव झाला नाही, तेव्हा त्या वर्षीच्या नवोदितांचे नुकसान केवळ एका पारितोषिकाचे नव्हते. त्यांचा हक्काचा पडदाच गेला.

यावर मोठ्या भांडवलाची गरज नसलेला एक उपाय आहे. भारतातील महोत्सवांत दाखवण्यापुरती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते. चित्रपट सोसायट्यांची परंपराही मुंबईला आहे. ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून कार्यरत आहे. परदेशातील पहिला खेळ झाल्यावर घरच्या प्रेक्षकांसाठी एक खेळ दिग्दर्शकाने आपल्या नियोजनातच राखून ठेवावा आणि उपनगरांतील महाविद्यालये, ग्रंथालये व नाट्यगृहांनी त्यासाठी वर्षातील एखादी संध्याकाळ मोकळी ठेवावी. ‘दळण’ या शब्दाचा अर्थ परदेशी प्रेक्षकाला उपशीर्षकातून समजतो. डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि चित्रपट खरा उतरला आहे की नाही, याचा निवाडाही तोच करू शकतो.