६१७४ आणि पहिली आज्ञावली

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० आणि चढत्या क्रमाने मांडले की ०१५९. वजाबाकी ९३५१. या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी उत्तरे मिळत जातात आणि सातव्या खेपेस ६१७४ येते. पुढे कितीही वेळा कृती केली तरी ६१७४च!

चारही अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. वरची संख्या म्हणजे त्यांचे जन्मवर्ष. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. साधने म्हणजे कागद आणि पेन्सिल. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा गुणधर्म मांडला. आपल्याकडील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम किरकोळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

दरम्यान १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक ही संगणकभाषा तयार केली होती. विज्ञान न शिकणाऱ्यालाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातील काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांतही बेसिकच होती. मात्र यंत्र आले म्हणून प्रश्न आपोआप येत नाहीत. ते शिक्षकालाच आणावे लागतात, आणि कापरेकरांनी ते आधीच तयार ठेवले होते.

कापरेकरांच्या कृतीची आज्ञावली जेमतेम दहा-पंधरा ओळींची होते. पण अंक सुटे करणे, क्रम लावणे, कृतीची पुनरावृत्ती करणे आणि कुठे थांबायचे ते ठरवणे, हे सारे तीत येते. मी ती प्रथम लिहिली तेव्हा १००० ही संख्या दिल्यावर उत्तर शून्य आले. कापरेकर चुकले की काय? चूक माझी होती. १००० वजा १ म्हणजे ९९९, आणि यंत्राने पुढे तीनच अंक धरले. ०९९९ असे चार अंक धरताच ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४! अग्रस्थानच्या शून्याचे महत्त्व मला त्या चुकीने जितके पटले तितके कोणत्याही व्याख्येने पटले नव्हते.

आता दोन अंकी संख्या घ्या. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९! ‘उत्तर स्थिर होईपर्यंत चालू ठेव’ अशी आज्ञा दिली असेल, तर यंत्र कधीच थांबणार नाही. अंतहीन चक्र म्हणजे काय, हे सांगायला वेगळा तास लागत नाही. तीन अंकी संख्यांचे काय होते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

आज यंत्र सर्व चार अंकी संख्या क्षणात तपासते. पण ६१७४च का, हे ते आपणहून सांगत नाही. तो विचार माणसालाच करावा लागतो. दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावात वर्गाला एकच संगणक मिळाला तरी बिघडत नाही. आधी फळ्यावर हाताने करा, मग आज्ञावली लिहा. कापरेकरांचे तर फळ्यावरच भागले होते.