मानवी प्रथिन : घडण आणि जपणूक

साखर बाटलीत भरून वर्षभर फडताळात ठेवली, तरी ती साखरच राहते. प्रथिनाचे तसे नाही. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट रीतीने दुमडली म्हणजेच तिच्या अंगी गुण येतो. ती घडी विस्कटली, की वजन पूर्वीइतकेच भरते, गुण मात्र नाहीसा होतो. मानवी जनुकाची आज्ञा जीवाणूसारख्या परक्या पेशीला देऊन तिच्याकडून करवून घेतलेली प्रथिने, ज्यांना पुनःसंयोजित मानवी प्रथिने म्हणतात, आज जगभरच्या संशोधनशाळांत पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पोहोचतात. त्या भुकटीचा इतिहास जेवढा घडविण्याचा, तेवढाच जपण्याचा आहे.

या नाजूकपणाची ओळख फार आधी, टोरोंटो येथे झाली. १९२२ च्या जानेवारीत जेम्स कॉलिप याने अल्कोहोलच्या साहाय्याने गुरांच्या स्वादुपिंडातून पुरेसे शुद्ध इन्सुलिन काढले आणि लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मधुमेही मुलगा त्यामुळे वाचला. पण लवकरच, मोठ्या प्रमाणावर तेच द्रव्य करू जाता, कॉलिपला ते साधेना! कृती तीच, हातही तेच. इन्सुलिन मात्र हाती येईना. ही अडचण कित्येक आठवडे राहिली, आणि तिकडे रुग्ण वाट पाहत होते.

प्राण्यांच्या अवयवांतून प्रथिने काढण्याचा हा मार्ग पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालला. तो किती खर्चिक, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. सोमॅटोस्टॅटिन या अवघ्या चौदा अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचे काही मिलिग्रॅम मिळविण्यासाठी रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेला सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागले.

हेच सोमॅटोस्टॅटिन १९७७ साली कॅलिफोर्नियात जीवाणूंकडून करवून घेण्यात आले. केइची इटाकुरा आणि आर्थर रिग्ज यांनी त्याचे जनुक रासायनिक रीतीने जुळविले, आणि हर्बर्ट बॉयर यांच्या सहकाऱ्यांनी ते एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जीवाणूत बसविले. पहिला प्रयत्न फसला. जनुक जागेवर होते, पण प्रथिनाचा पत्ता नव्हता. झाले होते एवढेच, की जीवाणूने ती चिमुकली परकी साखळी तयार होताच तोडून टाकली होती. मग ती साखळी जीवाणूच्या स्वतःच्या एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडण्यात आली, आणि पुढे सायनोजेन ब्रोमाइडने नेमक्या जागी कापून सोडविण्यात आली. थोडक्यात, जीवाणूकडून प्रथिन घडवून घेताना ते त्या जीवाणूपासूनच राखावे लागले.

पुढची पायरी इन्सुलिनाची. येथे दोन मार्गांची शर्यत लागली. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट पेशीतील संदेशावरून नैसर्गिक मानवी जनुकाची प्रत घेऊ पाहत होते. अमेरिकेतील नियमांनुसार अशा कामाला अत्यंत कडेकोट प्रयोगशाळा हवी होती. म्हणून १९७८ च्या सप्टेंबरात त्यांचा गट इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन येथे गेला. कपडे बदला, स्नान करा, मग बाहेर पडा, असा तेथला शिस्तीचा पहारा. त्या सगळ्या बंदोबस्तात जे जनुक हाती आले ते माणसाचे नव्हतेच, उंदराचे होते! आधीच्या प्रयोगातील अंश त्यांच्याच सामग्रीत मिसळला होता. जंतू बाहेर जाऊ नयेत यासाठी उभारलेल्या भिंती अशी भेसळ कशी रोखणार?

दुसरा मार्ग जेनेन्टेक या लहानशा कंपनीचा. रासायनिक जनुकाला ते नियम तितके जाचक नव्हते. १९७८ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड गोडेल आणि त्यांच्या साथीदारांनी इन्सुलिनाची एकवीस आणि तीस अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जीवाणूंत करवून परीक्षानळीत जोडल्या. १९८२ च्या ऑक्टोबरात हे इन्सुलिन औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले.

त्यानंतर शेकडो मानवी प्रथिने संशोधनासाठी उपलब्ध झाली. ती वापरण्याचे नियम वरवर पाहता गृहिणीच्या जिन्नस सांभाळण्यासारखे वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र रसायनशास्त्र आहे. भुकटी अत्यल्प असते आणि झाकणाला चिकटते, म्हणून कुपी उघडण्यापूर्वी क्षणभर यंत्रात फिरवून ती तळाशी आणतात. द्रव घातल्यावर जोराने हलवीत नाहीत. फेस झाला की हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते. इन्सुलिन तर ऊब आणि हलवाहलव यांनी तंतूंच्या रूपात साकळते. विरल द्रावणातले प्रथिन काचेला आणि प्लास्टिकलाही चिकटून वाया जाते. म्हणून अल्ब्युमिनसारखे एखादे सोबती प्रथिन पुष्कळदा मिसळतात. गोठविताना पाण्याचा बर्फ होतो आणि उरल्या द्रवात क्षार दाटतात. तेव्हा पुनःपुन्हा गोठविणे-वितळविणे टाळण्यासाठी द्रावणाचे आधीच लहान लहान वाटे करून ठेवतात.

या साऱ्यांतून सुटणारा आणखी एक दोष आहे, आणि तो अधिक फसवा. जीवाणूच्या कवचातील अंतर्विष प्रथिनाबरोबर कुपीत येऊ शकते. ते डोळ्यांना दिसत नाही. पण रोगप्रतिकारक पेशी त्याच्या सूक्ष्म मात्रेनेही चवताळतात, आणि संशोधक त्याचे श्रेय प्रथिनाला देऊन बसतो. एचएसपी-७० या मानवी प्रथिनाच्या बाबतीत असेच झाले. ते भक्षक पेशींना उत्तेजित करते, असे अनेक शोधनिबंधांतून मांडले गेले होते. २००३ साली गाओ आणि त्सान यांनी त्यातील अंतर्विष काढून टाकून तोच प्रयोग उंदराच्या पेशींवर केला, तेव्हा पेशी स्वस्थ राहिल्या. अशा कुपीसोबतच्या कागदावर अंतर्विषाचे प्रमाण छापलेले असते. प्रयोगाला बसण्यापूर्वी जाणता संशोधक तो आकडा वाचतो, आणि पेशींना प्रथिन देण्याआधी त्याच द्रवाचा, पण प्रथिनविरहित, एक थेंब शेजारच्या पेशींना देऊन पाहतो.