धूळपाटीवरचा कोश

कोश या शब्दाचा एक अर्थ खजिना, आणि त्यावरून दुसरा अर्थ शब्दांचा किंवा ज्ञानाचा साठा. पण आमच्या भंडारा जिल्ह्यात त्याला तिसराही अर्थ आहे. मोहाडी तालुक्यात आंधळगावच्या विणकराला विचाराल, तर ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा कोसाच त्याच्या डोळ्यांपुढे येईल. शब्द मुळात एकच. किडा आपला कोश एकट्याने विणतो, हे खरे. परंतु एका कोशाचे लुगडे होत नाही. त्याला शेकडो कोश लागतात, आणि सूत काढणारे, ताणा घालणारे, विणणारे असे अनेक हातही लागतात. ज्ञानाच्या कोशाची हकीकतही याहून फारशी निराळी नाही.

मराठीतल्या पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाची मुळे आपल्या विदर्भातच आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला आणि त्यांचे बालपण अमरावतीला गेले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरकी मिळवून हा गृहस्थ परत आला, तो डोक्यात ज्ञानकोशाचे वेड घेऊनच. १९१५-१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी चक्क एक कंपनी काढली. सरस्वतीच्या कामासाठी लोकांना भाग विकायचे, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटली असेल! पण केतकर वर्गणीदार मिळवीत गावोगाव हिंडले, पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवले, आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंडांचे काम तडीस नेले.

आपण म्हणतो, ज्ञानकोश केतकरांनी एकट्याने केला. तसे म्हणणे हा त्यांचा गौरव आहे; पण इतिहास तसा नाही. त्यांच्या कचेरीत माणसे होती; आणि कोशाचे काम ती माणसे तिथेच, ते करता करता शिकली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे त्याच कचेरीत तयार झाले, आणि त्यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. ज्ञानकोशातून ग्रंथ निघाले तसे कोशकारही निघाले. या दुसऱ्या पिकाकडे आपले लक्ष जात नाही.

इंग्रजांचा मोठा शब्दकोश तर लोकांच्या पत्रांवर उभा राहिला. १८७९ साली जेम्स मरे यांनी वाचकांना जाहीर विनंती केली, की पुस्तके वाचा, शब्द कसा वापरला आहे ते वाक्य चिठ्ठीवर उतरा आणि मला पाठवा. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बसून मरेसाहेब चिठ्ठ्यांचे ढीग लावू लागले. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत पाद्री होते, शिक्षक होते, घरबसल्या स्त्रिया होत्या, आणि वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त असलेला एक डॉक्टरही होता. १९२८ साली तो कोश पुरा झाला. चिठ्ठी कोणीही पाठवावी, पण निवाडा मात्र संपादकाने करावा, अशी ती व्यवस्था होती.

स्वतंत्र महाराष्ट्रात १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि वाईला मराठी विश्वकोशाची उभारणी सुरू झाली. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विसावा निघेपर्यंत २०१० हे सालही मागे पडले होते. त्यातले लेख जाणत्यांनी लिहिले आणि जाणत्यांनी तपासले. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने ते वाचावेत, मुलांना वाचून दाखवावेत, आणि हात जोडावेत.

पण छापील कोशापुढे एक अडचण नेहमीच उभी असते: कोश थांबतो आणि जग चालत राहते. १ मे १९९९ रोजी आमच्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आणि नागझिऱ्याचे अरण्य पलीकडे गेले. त्यापूर्वी छापलेल्या कोणत्याही ग्रंथात नवेगावबांध भंडारा जिल्ह्यातच आहे. ग्रंथ खोटा नाही. तो त्याच्या सालापुरता खरा आहे. मुलाने परीक्षेत तसेच लिहिले, तर गुण मात्र त्याचे जातात!

ही अडचण सगळ्या जगाचीच होती. २००० साली अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी संगणकाच्या जाळ्यावर 'न्यूपीडिया' नावाचा मोफत ज्ञानकोश काढला. लेख तज्ज्ञांचा हवा आणि त्याने तपासणीच्या सात पायऱ्या चढल्या पाहिजेत, असा तिथे दंडक होता. परिणाम असा झाला, की पहिल्या वर्षात दोन डझन लेखही पायऱ्या चढून वर पोचले नाहीत. मग १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी शेजारीच दुसरे दुकान मांडले. त्याचे दार सताड उघडे ठेवले. वाचणाऱ्या कोणालाही तिथल्या तिथे लेख दुरुस्त करण्याची मुभा दिली. ही युक्ती वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ सालीच शोधून ठेवली होती, आणि होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या बसच्या नावावरून तिला 'विकी' हे नाव दिले होते. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ 'चटकन'. विकिपीडिया जन्मला तो असा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी सुरू झाला, आणि आज त्यातल्या लेखांची संख्या नव्वद हजारांच्या पलीकडे गेली आहे.

मला कौतुक वाटते ते त्या मंडळींनी योजलेल्या शब्दांचे. नवशिक्याने जिथे हात बसवायचा, लिहायचे आणि पुसायचे, त्या पानाला त्यांनी नाव दिले 'धूळपाटी'. पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवणारी आमच्या पणजोबांची शाळाच जणू त्यांनी संगणकात नेऊन बसवली. सर्वांनी जमून खल करण्याची जागा ती 'चावडी'. सांगितले तेवढेच काम निमूटपणे करणारे यंत्र तो 'सांगकाम्या'. आपण लिहिलेल्या पानावर नजर ठेवणे म्हणजे 'पहारा'. ही माणसे परक्या घरी राहायला गेली, पण चूल आपलीच मांडली.

आता या चावडीवर नवखा माणूस येतो, तेव्हा काय होते? मी पेशाने मास्तर; नवशिक्यांच्या तऱ्हा पाहण्यात माझी हयात गेली. समजा, पवनीचे एक गुरुजी उत्साहाने आपल्या गावावर लेख लिहायला बसले. ते लिहितात, 'आमची पवनी ही जगातील सर्वांत प्राचीन व परम पवित्र नगरी आहे.' सायंकाळी पाहतात तो वाक्य नाहीसे! गुरुजींचा संताप होतो. कोण हा उपटसुंभ? याने वैनगंगेचे पाणी तरी कधी प्यायले आहे काय? ते वाक्य पुन्हा लिहितात. ते पुन्हा पुसले जाते. बरेचसे नवखे इथेच रामराम ठोकतात.

पण जे टिकतात त्यांच्या ध्यानात येते, की प्रत्येक लेखामागे एक चर्चेचे पान आहे. तिथे भांडता येते, म्हणजेच बोलता येते. तिथे गुरुजींना कोणीतरी नम्रपणे विचारतो, 'प्राचीन म्हणजे किती? कोणी लिहिले आहे?' मग गुरुजी शोधाला लागतात. १९६९-७० साली पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. गुरुजी हे लिहितात, अहवालाचे नाव खाली देतात, आणि ते वाक्य टिकते. 'परम पवित्र' गेले, पण स्तूप आला. गावाची शोभा वाढली की घटली, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा धडा याहून अवघड आहे. भंडारा हे नाव कशावरून पडले? आमच्याकडे पितळेची भांडी घडवण्याचा धंदा जुना, म्हणून 'भाणे' या शब्दावरून ते पडले असे लोक सांगतात. उलट रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात, त्याला खंडणी देणाऱ्या मुलुखांच्या यादीत लांजी आणि वैरागड यांच्याबरोबर 'भाणार' हे नाव येते. एकाने पहिले लिहावे, दुसऱ्याने ते खोडून दुसरे लिहावे, असे किती दिवस चालणार? या कोशाचा नियम सांगतो, दोन्ही लिहा आणि कोण काय म्हणतो तेही लिहा. तुमचे मत कोणते, हे मात्र कोणी विचारलेले नाही. कादंबरीकार म्हणून मला ही शिस्त फार कठीण वाटते. आम्हांला प्रत्येक पात्राच्या तोंडून आपलेच बोलायची सवय!

इतिहासाच्या वाचकाला भुरळ पडावी अशी आणखी एक सोय इथे आहे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता शब्द बदलला, हे सारे लेखाच्या 'इतिहास' या पानावर राहते. आपल्या पोथ्यांना ही सोय असती तर! नकलकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांना ती शुद्ध करायला बसावे लागले. आणि पुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद द्यावी लागली. नाथांनी दार लावून ग्रंथ राखला. हा नवा कोश दार उघडे ठेवतो आणि पावलांचे ठसे राखतो. ग्रंथ एका महापुरुषाचा असेल तर नाथांचाच मार्ग योग्य. ग्रंथ सर्वांचा असेल तर हा.

मात्र 'सर्वांचा' या शब्दातला धोका आमच्या जिल्ह्याइतका कोणी जाणत नसेल. इथले तलाव कोहळी लोकांनी बांधले. ते मालगुजारांच्या ताब्यात होते, तोवर पाळ दुरुस्त करायची कोणी आणि बांध्यांना पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे कोणी, हे ठरलेले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारचे, म्हणजे सर्वांचे झाले, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न मागे राहिला. कित्येक तलाव आणि बोड्या त्या गाळाने उथळ झाल्या. मराठी विकिपीडियाचेही तसेच आहे. पाणी पिणारे लाखो, आणि गाळ काढणारे हात त्या मानाने फारच थोडे. म्हणून रागावून परत गेलेला एक नवखा माणूस ही लहान हानी नव्हे. आणि जुन्या जाणत्यांनी पुसण्यापूर्वी दोन शब्द समजावून सांगणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. ती पाळीची दुरुस्तीच आहे.

खरी काळजी मात्र निराळीच आहे. प्रसिद्ध झालेल्या आधाराचा हा कोश आग्रह धरतो. नियम रास्त आहे; नाहीतर चावडीवरची प्रत्येक अफवा ज्ञान होऊन बसेल. पण आमच्या झाडीपट्टीचे कितीतरी ज्ञान छापलेलेच नाही. कोणत्या तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जाई, रोवणीच्या वेळी बाया काय गात, दंडारीत सोंगे कोणत्या क्रमाने येत, हे म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर आहे आणि त्यांच्याबरोबरच जाते आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द वेचून त्यांचा कोश केला, म्हणून त्या शब्दांना आज छापील आधार आहे. त्यांनी ते वेचले नसते, तर कोणत्याही ज्ञानकोशाच्या दृष्टीने ते शब्द नव्हतेच! आता तर प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रे आली आहेत, आणि त्यांचे पाठांतर अशाच पानांवर झालेले आहे. जे पानावर नाही ते यंत्राला ठाऊक नाही. आणि उद्याचे मूल यंत्रालाच विचारणार आहे.

तेव्हा काम दुहेरी आहे. आधी म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यायचे आणि ते शाळेच्या वार्षिकात, गावाच्या स्मरणिकेत, दिवाळी अंकात नीट नावगावासकट छापायचे. आणि मग त्या आधाराने कोशात वाक्य घालायचे. मराठी विकिपीडियावर, आधार नसलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असे दोन शब्द लिहिण्याची पद्धत आहे. नवख्याला ती शिवी वाटते. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने 'गुरुजी, हे कशावरून?' असे विचारले, की मी त्याला जवळ बोलावून बसवतो. हे दोन शब्द त्याच जातीचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आजी असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसावे. आमच्या गावांच्या पानांवर अजून पुष्कळ जागा रिकामी आहे.