हाडांत मुरलेले पाणी : बीड, हातपंप आणि फ्लोरोसिस

बीडजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकातील, निझामशाहीच्या काळातील. तिचे पाणी भूमिगत दगडी मार्गांतून शेतांकडे वळवलेले आहे आणि ती पाहण्यासाठी इतिहासप्रेमी आवर्जून वाट वाकडी करतात. मराठवाड्याच्या पाण्याचा इतिहास बहुधा इथेच, बारवा आणि बावड्यांपाशी थांबतो. पुढचा अध्याय लोखंडी आहे. तो अवघ्या पन्नास-साठ वर्षांचा असून त्याची नोंद माणसांच्या दातांत आणि हाडांत सापडते.

या नोंदीचे वैद्यकीय नाव फ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड अल्प असेल तर दात किडण्यापासून वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ठरवली आहे. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, मग सांधे आखडतात आणि शेवटी पाठीचा कणा एखाद्या काठीसारखा ताठ होतो. बीड जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड या मर्यादेपेक्षा जास्त आढळलेले आहे.

रोगाचे कारण उमगण्यास विलंब लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य १९०१ पासून रुग्णांच्या डागाळलेल्या दातांचे कोडे सोडवत होता. पाण्यातील फ्लोराइड हे उत्तर १९३१ मध्ये मिळाले. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये क्रायोलाइट या फ्लोराइडयुक्त खनिजाची भुकटी श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रांत हाडे विलक्षण दाट दिसली. १९३७ मध्ये शॉर्ट, मॅकरॉबर्ट, बर्नार्ड आणि नायर यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून भारतातील फ्लोरोसिसचे पहिले तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. तिथे ऐन उमेदीतले शेतकरी कमरेत वाकू शकत नव्हते, मान वळवू शकत नव्हते. (यातील शॉर्ट म्हणजे पुढे मलेरियाच्या परजीवीची यकृतातील अवस्था शोधणारे शास्त्रज्ञ.) नेल्लोरचे हे पाणी साध्या विहिरींचे होते, हे ध्यानात ठेवावे. हा आजार हातपंपाने जन्माला घातलेला नाही. हातपंपाने त्याचा मुलूख वाढवला.

निझामाच्या हैदराबाद संस्थानात बीड होते, तसेच तेलंगणातील नलगोंडाही होते. नलगोंड्यातील फ्लोरोसिसवर ए. एच. सिद्दिकी यांचा लेख १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि तो जिल्हा या रोगाची ओळखच बनला. वर्षभरात राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, नलगोंडा आंध्र प्रदेशात गेले. एकाच दख्खनी पठारावरचे हे दोन जिल्हे त्यानंतर दोन वेगळ्या राज्यांच्या दप्तरांत नोंदले जाऊ लागले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आड आटले, विहिरींनी तळ गाठला आणि सरकारला खोल जावे लागले. विंधनविहिरी खोदणारी यंत्रे खडक फोडून आत शिरू लागली, पण पाणी वर काढायचे कसे, हा प्रश्न होता. ओतीव लोखंडाचे जुने पंप एका कुटुंबासाठी घडवलेले. अख्खे गाव त्यावर तुटून पडले की ते महिन्याभरात मोडत. या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या परिसरातच घडले. जालन्यातील मिशनरी विंधनविहीर प्रकल्पाने पोलादी पंप तयार केला, सोलापुरात त्याची अधिक दणकट आवृत्ती निघाली आणि तिच्याच आधारे, युनिसेफच्या सहभागाने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप आकाराला आला. पुढे तो आफ्रिकेतही गेला. विसाव्या शतकात मराठी मुलखातून जगभर पोहोचलेल्या वस्तूंच्या यादीत या पंपाला मानाचे स्थान मिळायला हवे. ते क्वचितच मिळते.

त्याचे उपकार खरे आहेत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत नारू होत असे, पायातून हातभर लांब जंत निघे. पाण्याचा स्रोत बंदिस्त झाल्याने नारूला मोठा पायबंद बसला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. पटकी आणि हगवणीच्या साथीही ओसरल्या. पाणी ‘शुद्ध’ आहे याचा अर्थ त्या काळी त्यात जंतू नाहीत एवढाच होता. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळले तरी ते जात नाही.

खोल खडकातील पाणी दगडाच्या सहवासात दीर्घकाळ राहते. ते क्षारधर्मी झाले आणि त्यातील कॅल्शियम घटले की खनिजांतील फ्लोराइड सहज विरघळते. शरीरात गेलेले फ्लोराइड हाडांच्या स्फटिकांत शिरते, हाडे घडवणाऱ्या पेशींना उद्दीपित करते आणि हाडे दाट पण ठिसूळ बनवते. प्रौढांमध्ये अस्थिबंधांवरही चुना चढतो.

मुलांचे चित्र निराळे असते आणि इथेच निदान घसरते. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी नलगोंड्यातील किशोरवयीनांचे गुडघे आत वळल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. त्यांची हाडे दाट होण्याऐवजी विरळ झाली होती. संशयाची सुई काही काळ ज्वारीवरही फिरली : तिच्यातील मॉलिब्डेनममुळे शरीरातील तांबे बाहेर टाकले जाते, असा तर्क होता. बीडच्या ताटातही भाकरी ज्वारीचीच. आहारात कॅल्शियम अपुरे असेल तर तेवढेच फ्लोराइड मुलांच्या हाडांना कितीतरी अधिक वाकवते, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. वरवर पाहता हा मुडदूसच वाटतो. प्रौढांत तोच आजार संधिवात म्हणून खपतो आणि वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या चालू राहतात.

तपासणीची सुरुवात मात्र बिनखर्चाची आहे. गुडघे न वाकवता पायाची बोटे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, हात मानेमागे जातात का? त्यानंतर हाताच्या पुढच्या भागाचे क्ष-किरण चित्र काढतात. त्यात दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना साठलेला दिसला तर शंकेला फारशी जागा उरत नाही. जोडीला लघवीतील आणि पाण्यातील फ्लोराइडचे मोजमाप. पाण्याची तपासणी वगळली तर उरलेले निदान अर्धवट राहते, कारण जडलेली विकृती परतवणारे औषध नाही आणि खरा उपाय पाणी बदलणे हाच आहे.

नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत १९७५ च्या सुमारास विकसित केली. तिला नाव मिळाले नलगोंडा तंत्र. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २००८-०९ मध्ये उभा राहिला आणि त्यात महाराष्ट्राच्या जिल्ह्यांपैकी बीडचाही समावेश झाला. पंप आणि कार्यक्रम यांच्यात तीन दशकांचे, म्हणजे एका पूर्ण पिढीच्या हाडांचे अंतर आहे.

रुग्णाचे दात या अंतरातील काळ सांगतात. पुढच्या दातांचे आवरण वयाच्या पहिल्या सहा-सात वर्षांत घडते. त्यानंतर कितीही फ्लोराइड प्याले तरी त्यांवर पट्टे उमटत नाहीत. म्हणून लग्न होऊन बाधित गावात आलेल्या सुनेचे दात पांढरे असू शकतात आणि कंबर मात्र ताठलेली. तिच्या मुलांच्या दातांवर ते पट्टे स्पष्ट दिसतात. शिवाय बीडमध्ये दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वर्षाचा अर्धा काळ त्यांचे पाणी गावच्या पंपाचे, अर्धा काळ ज्या फडात कोयता चालेल तिथले. अशा माणसाला तपासताना वैद्याला आधी त्याच्या पाण्याचा इतिहास विचारावा लागतो : जन्म कुठला, बालपणी पाणी आडाचे की पंपाचे, आणि गेल्या हंगामात टोळी कोणत्या कारखान्यावर होती.