गोंदण

त्वचेला सुईने किंवा काट्याने टोचे मारून त्यांत रंग भरल्यावर उमटणारी कायमची आकृती. तसेच ती काढण्याची क्रिया. मराठीत ‘गोंदणे’, ‘गोंदवून घेणे’ ही क्रियापदे रूढ आहेत. हिंदीत गोदना, गुजरातीत छूंदणां किंवा त्राजवां, तमिळमध्ये पच्चै कुत्तु असे शब्द आहेत. शहरांत आता ‘टॅटू’ हाच शब्द चालतो. तो पॉलिनेशियातील ‘तताऊ’वरून आला असून जेम्स कुक यांच्या १७६९ मधील ताहिती भेटीच्या वृत्तांतांतून युरोपात पोहोचला. मेंदीसारखे वरवरचे रंगकाम आणि तापल्या लोखंडाचे डाग यांचा समावेश गोंदणात होत नाही.

पच्चै कुत्तु म्हणजे ‘हिरवे टोचणे’. मराठीतही जुन्या बायका ‘हिरवं गोंदण’ असेच म्हणतात. वास्तविक वापरलेली काजळी काळीच असते. ती त्वचेच्या आतल्या थरात बसते आणि वरून पडणाऱ्या प्रकाशातील निळसर छटेचा भाग त्वचेतून विखरून अधिक प्रमाणात परत येतो. म्हणून गव्हाळ वा सावळ्या कातडीवर काळा रंग हिरवट-निळा दिसतो.

त्वचेतील स्थिती : बाह्यत्वचा सतत झिजून गळत असते. रंग तेवढ्यातच राहिला तर काही आठवड्यांत जातो. तो एक ते दोन मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेत पोहोचावा लागतो. तेथे शरीर त्याला परका पदार्थ समजते आणि भक्षक पेशी त्याचे कण गिळून टाकतात. कण पचत नाहीत, म्हणून ते तिथेच राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की या पेशी मरतात तेव्हा सुटलेले कण त्या जागी आलेल्या नव्या पेशी उचलून घेतात. सुई खोल गेली तर रंग पसरतो आणि रेघ फुटते. ‘हात हलका असावा’ अशी गोंदणारणीकडून असलेली जुनी अपेक्षा याच कारणाने रास्त ठरते.

प्राचीन पुरावे : ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या ‘ओट्झी’ या पुरुषाच्या देहावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. समांतर रेघा आणि फुल्या अशा या साध्या खुणा आहेत. त्यांतील पुष्कळशा कंबर, गुडघे व घोटे यांच्या आसपास आहेत आणि त्या सांध्यांची झीजही आढळली आहे. त्यामुळे त्या उपचारासाठी असाव्यात असा तर्क केला जातो. दुखऱ्या सांध्यावर ठिपके गोंदण्याची चाल मध्य भारतातही आहे. दोन्हींचा ऐतिहासिक संबंध जोडण्यास आधार नाही, पण उपाय एकच आहे.

इजिप्तमध्ये १८९१ मध्ये आमुनेत या स्त्रीचे जतन केलेले शव मिळाले. तिच्या पोटावर व अंगावर ठिपक्यांच्या व रेघांच्या रचना होत्या. ती हाथोर देवतेची पुजारीण होती. तरीही गोंदलेल्या इजिप्ती स्त्रिया नर्तकी किंवा रखेल्या असाव्यात, असे अभ्यासक दीर्घकाळ धरून चालले. २०१८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्ती पुरुषाच्या शवाच्या दंडावर बैल व रानमेंढा, आणि त्याच काळातील एका स्त्रीच्या खांद्यावर वळणदार चिन्हे आढळल्याचे जाहीर झाले. गोंदण त्या समाजात केवळ बायकांचे होते, ही समजूत त्यामुळे मागे पडली. सैबेरियातील अल्ताय पर्वतात गोठलेल्या थडग्यांतून निघालेल्या देहांवर हरणे आणि काल्पनिक श्वापदे आहेत. त्यांपैकी उकोक पठारावरील स्त्रीचे दफन १९९३ मध्ये उजेडात आले.

जपान व पॉलिनेशिया : जपानमध्ये सर्वांगावर चित्रे गोंदण्याची कला एकोणिसाव्या शतकात भरास आली. कुनियोशी या चित्रकाराच्या वीरपुरुषांच्या ठसेचित्रांनी तिला विषय पुरवले. १८७२ मध्ये सरकारने बंदी घातली. ती १९४८ मध्ये उठली. सामोआमध्ये दातेरी हत्यारावर दांडक्याचे ठोके देऊन, तर न्यूझीलंडच्या माओरींमध्ये छिन्नीसारख्या ‘उही’ने चेहऱ्यावर खोदून गोंदत.

महाराष्ट्र व मध्य भारत : या भागाविषयी सर्वांत विस्तृत छापील सामग्री आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांत (१९१६) आणि व्हेरियर एल्विन यांच्या बैगा या आदिवासी जमातीवरील ग्रंथात (१९३९) आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे आणि वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, म्हणून विदर्भाची माहिती तुलनेने बरी आहे. देशावरच्या आणि कोकणातल्या गोंदणावर इतके सलग लेखन झाले नाही.

बैगा स्त्रियांचे गोंदण सर्वांत दाट. बालपणी कपाळापासून आरंभ होतो; पुढे पाय, पाठ, हात अशी अंगे वर्षानुवर्षांनी भरत जातात. गोंदणाऱ्या बाया बादी समाजाच्या. छत्तीसगडात देवार स्त्रियाही हे काम करीत. रंगासाठी रामतिळाची, म्हणजे आपल्याकडील कारळ्यांची, काजळी धरतात. गोंडांमध्ये मांडी-पोटरीवरची आकृती पायांना बळ देते, दंडावरचा मारुती हातांना, अशी धारणा नोंदवली आहे. बळ आणि संरक्षण यांसाठीच गोंदण सुरू झाले, असा सिद्धान्त त्यावर उभारला गेला. परंतु नुसत्या शोभेसाठी आणि हौसेने काढलेल्या आकृतींचा उलगडा त्याने होत नाही. परक्यांनी पळवून नेऊ नये म्हणून बायकांना विद्रूप करण्यासाठी गोंदत, ही कथा अरुणाचलातील आपातानींपासून ब्रह्मदेशातील चिन लोकांपर्यंत एकाच साच्यात सांगितली जाते. तिला पुरावा मानता येत नाही. गोंदलेल्या बाईला ते रूपच वाटत आले आहे.

मराठी मुलखात कपाळ, हनुवटी, गाल, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात आणि पोटऱ्या ही गोंदणाची नेहमीची अंगे. कुंकवाच्या जागी ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक वा तीन टिंबे, हातावर तुळशीवृंदावन, गोपद्मे, महादेवाची पिंड, विंचू, मोर, फुलांच्या वेली या आकृती सर्वत्र दिसतात. रांगोळीत जे ठिपके-रेघांचे गणित आहे तेच येथे आहे. अंगणात बोटांनी शिकलेली आकृती हातावर ओळखू येते. नवऱ्याचे किंवा भावाचे नावही गोंदवतात. ज्या पिढीत नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही असा दंडक होता, त्याच पिढीतल्या अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या हातावर ते नाव कोरलेले असे. पुरुषांचे गोंदण थोडके : दंडावर मारुती, हातावर आपले नाव, तेही बहुधा जत्रेत. बंजारा, कोरकू व माडिया गोंड या समाजांच्या स्वतंत्र रचना आहेत. भिल्ल स्त्रिया डोळ्यांच्या कोपऱ्यांशी छोट्या रेघा काढवून घेतात.

मेल्यावर सोने-नाणे मागे राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत जवळजवळ सर्व समाजांत आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु जिच्या नावावर जमीन नसे आणि जिच्या अंगावरचा दागिना अडचणीला गहाण पडे, त्या बाईची ती एकच न हिरावली जाणारी मत्ता होती.

तंत्र : तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधतात, पूर्वी बाभळीचा काटाही चाले. आकृती काडीने काजळीत रेखून घ्यायची, रेघेवर जवळजवळ टोचे मारायचे, रक्त पुसायचे, पुन्हा काजळी चोळायची आणि वर हळद व तेल लावायचे. काजळी कालवण्यासाठी पाणी, पाल्याचा रस किंवा बाळंतिणीचे दूध घेत. आठ-दहा दिवसांत खपली पडते. मुलीला मायबहिणी धरून बसत आणि गोंदणारीण गाणी म्हणे. हे काम करणाऱ्या बाया वैदू, कैकाडी अशा भटक्या समाजांतल्या. मजुरी बहुधा धान्यात. सरकारने १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पुढे कैकाडीही आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या बायका पोलिसांच्या हजेरीपटावर आल्या, कलेच्या इतिहासात त्यांचे नाव आले नाही.

दंड म्हणून गोंदण : ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १७९७ च्या विनियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा व शिक्षा गोंदण्याची पद्धत घातली. पुढे ठग ठरवलेल्यांनाही ती लागू झाली. कैदी पागोटे खाली ओढून अक्षरे झाकीत. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली.

यंत्र : न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांना ८ डिसेंबर १८९१ रोजी विद्युत गोंदणयंत्राचे पेटंट मिळाले. त्यामागे एडिसन यांचे १८७६ मधील विजेवर चालणारे छिद्रलेखणीचे यंत्र होते. नंतरच्या गुंडाळीच्या यंत्राचे तत्त्व घरातील विजेच्या घंटीचेच : विद्युतचुंबक पट्टी ओढतो, मंडल तुटते, स्प्रिंग पट्टी परत आणते. पट्टीला जोडलेली सुई अशी सेकंदाला पन्नास ते दीडशे वेळा खालीवर होते. जत्रेत बॅटरीवर चालणारे यंत्र याच जातीचे.

आधुनिक शैली : जाड बाह्यरेषेची अमेरिकी, सर्वांगी जपानी, काळी-राखाडी, ठिपक्यांची, व्यक्तिचित्रात्मक इत्यादी.

आरोग्य : एकच सुई अनेकांना वापरल्यास कावीळ (ब व क) आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. काविळीच्या भीतीने न्यूयॉर्क शहरात १९६१ ते १९९७ गोंदणावर बंदी होती. गोंदणाच्या जागी कुष्ठरोगाचा चट्टा उठल्याचे रुग्ण भिलाई परिसरातून नोंदले गेले आहेत. प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक सुई हाच प्रतिबंध. रंगाचे कण लेसरने फोडून गोंदण पुसट करता येते, पण त्याला अनेक बैठका लागतात.

हाताने गोंदलेल्या मराठी स्त्रियांची शेवटची मोठी पिढी आता वृद्धापकाळात आहे. हे गोंदण देहाबरोबर जाते. त्याची दुसरी प्रत नसते. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी तिच्या संमतीने हातांचे छायाचित्र घ्यावे आणि त्यासोबत गाव, गोंदले तेव्हाचे वय, प्रत्येक आकृतीचे तिने सांगितलेले नाव आणि आठवत असल्यास गोंदणारणीचेही नाव लिहून ठेवावे.