सबबींचे पीक

भाताखालोखाल आमच्या शहापूर-मुरबाडकडे जोमाने येणारे पीक म्हणजे सबब. त्याला खत नको, पाऊस नको. मुरबाडला रेल्वे येणार, हे मी हाफ पँटीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. आणि ती का येत नाही याच्या सबबी कुठल्याही गाडीपेक्षा वक्तशीर येतात.

पण हे पीक परदेशातही होते बरे का! १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पीडीपी-१ नावाचा कॉम्प्युटर आला. किंमत १,२०,००० डॉलर आणि मेमरी जेमतेम ९ किलोबाइट. म्हणजे आजचा 'सुप्रभात'चा एक फोटोही त्यात मावला नसता. त्याच्याभोवती जमणारी बरीच पोरे तिथल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबमधली. काही विद्यार्थी, काही नुकते नोकरीला लागलेले. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन यांनी बेत आखला : दोन अवकाशयाने, दोन खेळाडू, पडद्यावर लढाई. नाव 'स्पेसवॉर'. लिहायचे काम रसेलचे. आणि रसेल शोभावा आमच्याच तालुक्याचा! आज करतो, उद्या करतो. शेवटी म्हणे, साइन-कोसाइन काढणारा प्रोग्रॅमच नाही, तर करू कसा? ॲलन कोटॉक उठला, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत गेला, त्या प्रोग्रॅमची टेप आणून रसेलपुढे ठेवली आणि विचारले, आता सबब कोणती? १९६२ च्या सुरुवातीला गेम चालू झाला.

ही हकीकत मी आमच्या भाच्याला मुद्दाम ऐकवली. तो आणि त्याचे तीन कॉलेजमित्र, दोन शहापूरचे, दोन मुरबाडचे, चौघांनी मिळून खेळायचा गेम बनवत होते. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर! तोच त्यांचा विषय. टँकर आला की चौघांनी घरोघर पाणी पोचवायचे. पण चौघांनाही टँकरचा ड्रायव्हर व्हायचे होते. हंडा घ्यायला कोणी तयार होईना.

"मामा, एक तर लाइट जाते, त्यात हा कॉम्प्युटर जुना. काय होणार यावर?"

"नऊ किलोबाइटपेक्षा जुना आहे का?" मी विचारले.

पोरे गप्प. मग मुरबाडचा एक जण म्हणाला, "ड्रायव्हर आपल्यातला नकोच. टँकर कधी यायचा ते कॉम्प्युटर ठरवील. खरा टँकर तरी कुठे आपलं ऐकतो?"

चौघांच्याही डोक्यावर हंडे आले आणि भांडण मिटले.

स्पेसवॉरचेही असेच झाले. पीटर सॅमसनला रसेलने वाटेल तसे विखुरलेले तारे बघवेनात. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा बसवला. डॅन एडवर्ड्सला खेळ मिळमिळीत वाटला. त्याने मधोमध तारा ठेवून गुरुत्वाकर्षण आणले. कॉम्प्युटरवरची बटणे खालीवर करून कोपरे दुखू लागली, तेव्हा कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे क्लबातले सुटे भाग जमवून हातात धरायचे खोके तयार केले. ज्याची तक्रार त्याचे काम! आपल्याकडे ज्याची तक्रार त्याचे भाषण.

एवढे करून त्यांनी गेम विकला नाही, लोकांना फुकट दिला. तो एकट्याला खेळताही येत नसे. शेजारी दुसरा माणूस लागे. एका हंड्यालाही डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतोच की!