मेदाच्या शेपटीचा मागोवा

पेशीतल्या पुष्कळ प्रथिनांचं काम पेशीपटलाशी असतं, आणि पटल असतं मेदाचं. पाण्यात वावरणारं प्रथिन तिथे टिकावं म्हणून त्याला मेदाची एक शेपटी जोडली जाते. ही जोडणी करणारी विकरं रोपाची उगवण, त्याच्या पाकळ्या, त्याची तहानसुद्धा ताब्यात ठेवतात, हे उमगू लागायला विसावं शतक सरत आलं.

पहिला धागा वनस्पतीत सापडलाच नाही. १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी एका यीस्टचा मीलन-संकेत तपासला. त्या छोट्या पेप्टाइडला १५ कार्बनांची फार्नेसिल शेपटी होती. तिचं भावंड असलेलं फार्नेसॉल अत्तरवाल्यांच्या ओळखीचं. देवबाभळीच्या फुलांच्या अर्कात ते सापडतं. पुढे १९९० मध्ये डॅलसला ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतून ही शेपटी लावणारं विकर, फार्नेसिलट्रान्सफरेज, शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. कर्करोगाशी जोडलेल्या रॅस प्रथिनाला याच शेपटीची गरज असते, म्हणून औषध कंपन्या या विकरामागे धावल्या. १९९३ मध्ये तेच विकर वाटाण्यात आढळलं, पण त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

खरी कलाटणी मिळाली ती टोरांटोत. पीटर मॅकोर्ट यांचा गट मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसचं बी पेरून पाहत होता. अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक बियाला झोपवून ठेवतं आणि पाण्याचा ताण पडला की पानांवरची रंध्रं मिटवतं. ते अगदी थोडं दिलं तर साधं बी उगवतंच. या गटाला मात्र तेवढ्यानेही रुजायला नकार देणारं बी हवं होतं. तसं मिळालं, आणि १९९६ मध्ये त्यातलं बिघडलेलं जनुक वाचलं तर ते फार्नेसिलट्रान्सफरेजच्या एका उपघटकाचं निघालं. ‘एरा-१’ हे त्याचं नाव. दोन वर्षांनी दिसलं की या रोपांची रंध्रं संप्रेरकाच्या इशाऱ्याला जास्तच जागतात आणि कोरड्या दिवसांत पानातलं पाणी राखून ठेवतात. कर्करोगाच्या औषधांसाठी हेरलेल्या विकराचा दुष्काळाशी असा संबंध निघेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला या साऱ्या इतिहासात हे न उगवणारं बी सर्वांत मोलाचं वाटतं.

२००४ मध्ये याच विकराचा दुसरा उपघटक नसलेलं रोप अभ्यासलं गेलं. हा उपघटक २० कार्बनांची शेपटी लावणाऱ्या आणखी एका विकरातही असतो. यीस्टमध्ये तो काढला की पेशी मरते. रोप मात्र जगलं, त्याचा शेंड्याचा वाढबिंदू फुगला आणि चार पाकळ्यांच्या फुलाला जास्तीच्या पाकळ्या आल्या. असा धक्का पचवणाऱ्या वनस्पतीमुळेच या विकरांचं काम जिवंत रोपावर डोळ्यांनी पाहता आलं.

शेपट्यांचं दुसरं घराणंही आहे. त्यातली शेपटी साधारण १६ कार्बनांची असते आणि ती काढून पुन्हा लावता येते. आखूड, जाड मूलरोमांचं ‘टिप-१’ नावाचं रोप १९९३ पासून माहीत होतं. ते या घराण्यातल्या विकराअभावी तसं होतं, हे ब्रिस्टलच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये अशी २४ विकरं आहेत. सेल्युलोज विणणाऱ्या प्रथिनसंचालाही पटलावर पोचायला हीच शेपटी लागते, हे २०१६ मध्ये कळलं. म्हणजे खोडाचा ताठपणासुद्धा या शेपटीवर येऊन टेकतो.

एरा-१ रोप अब्सिसिक आम्लाला एवढं का जागतं, हे कोडंही त्याच वर्षी सुटलं. वाढीला चालना देणारं ब्रासिनोस्टेरॉइड हे संप्रेरक ज्या विकराच्या हातून आपल्या घडणीची शेवटची पायरी ओलांडतं, त्यालाच फार्नेसिल शेपटी लागते. ती नसेल तर ते योग्य जागी पोचत नाही, वाढीचा जोर ओसरतो आणि अब्सिसिक आम्लाचं वर्चस्व वाढतं.

फार्नेसिलट्रान्सफरेजला कायमची सुट्टी देऊन दुष्काळी वाण करता येईल, असं म्हणणं घाईचं आहे. एरा-१ रोप उशिरा फुलतं आणि रोगांना लवकर बळी पडतं. कॅनडात कॅनोलावर २००५ च्या सुमारास निवडलेला मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो: पाण्याचा ताण पडेल तेव्हाच विकराचं जनुक दबेल अशी योजना. शेतात, ताणाच्या काळात, त्या रोपांनी उत्पादन सावरून धरलं.